नाकाखालची पन्हळ कुठून आली?

नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, अगदी मधोमध, एक उभी पन्हळ असते. बोट लावून बघा. दोन्ही बाजूंना बारीकसे बांध आणि मध्ये खोलगट जागा. सर्दी झाली की पन्हळ कशासाठी आहे ते कळतं, असं कुणी म्हणेल. पण तिची नेमणूक काही त्या कामासाठी झालेली नाही. ती आहे, कारण तुमचा चेहरा तुकडे जोडून बनलाय आणि त्यातले महत्त्वाचे सांधे बरोबर तिथे जुळलेत.

हो, तुकडे! पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, हात मागाहून जोडतात आणि सांध्यावर ओलं बोट फिरवून तो नाहीसा करतात. आईच्या पोटात चेहऱ्याचं काम साधारण असंच चालतं, फक्त मूर्तिकार नसतो. तुकडे आपले आपण वाढतात, सरकतात, एकमेकांना भिडतात आणि चिकटतात.

गर्भ राहून चार आठवडे झाले की बाळ जेमतेम ५ मिलिमीटरचं असतं. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि ५ मिलिमीटर म्हणजे किती ते बघून घ्या. एवढ्याशा त्या जिवाला डोकं असतं, पण चेहरा नसतो. तोंडाच्या जागी एक खळगा आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे, बस. वर कपाळाकडून आलेला एक, दोन्ही गालांकडचे दोन आणि खाली जबड्याचे दोन. थोड्या दिवसांनी कपाळाकडच्या उंचवट्यावर दोन खड्डे पडतात. त्या होणाऱ्या नाकपुड्या. पण त्या असतात एकमेकींपासून लांब, दोन टोकांना. डोळे कानशिलांकडे तोंड करून बसलेले. आणि कान? कान चक्क मानेत!

मग सगळ्यांची सरकासरकी सुरू होते. डोळे पुढे येतात, कान वर चढतात, नाकपुड्या जवळ येतात. दोन नाकपुड्यांच्या आतल्या बाजूचे तुकडे मध्यावर भेटतात आणि त्यांची होते आपली पन्हळ. गालांकडचे तुकडे दोन्ही बाजूंनी येऊन तिला चिकटले की वरचा ओठ पुरा झाला. सातवा आठवडा संपतो तोवर हे काम उरकलेलं असतं. पन्हळीचे ते दोन बांध साधारण त्याच सांध्यांच्या रेषेवर आहेत. हनुवटीकडचे दोन तुकडे त्याआधीच एकत्र येतात, पण आतलं जबड्याचं हाड मात्र आळशी. बाळ जन्मतं तेव्हाही खालचा जबडा डावा-उजवा असा दोन हाडांचाच असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत ती दोन हाडं जुळून एक होतात.

ज्या काळात पोटाच्या आत बघायला सोनोग्राफी नव्हती, त्या काळात हे शोधलं कसं? जर्मनीतल्या लाइपझिग शहरात विल्हेल्म हिस नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १८८० च्या दशकात त्यांनी अगदी लहानपणीच दगावलेल्या मानवी गर्भांचे अतिशय पातळ काप केले, एकेका कापाचं चित्र काढलं आणि त्यांवरून गर्भाची मोठ्या आकाराची प्रतिरूपं घडवली. कानाची पाळी सहा बारक्या उंचवट्यांपासून बनते. त्या सहा टेकड्यांना डॉक्टर आजही हिसच्या टेकड्या म्हणतात. कानावर स्वतःच्या नावाच्या टेकड्या! एव्हरेस्टला नाव देण्यापेक्षा हे मला जास्त भारी वाटतं, कारण या टेकड्या प्रत्येकाच्या डोक्याला दोन्हीकडे आहेत.

पण या तुकड्यांचा माल येतो कुठून? बराचसा येतो पाठीकडून. मेंदू आणि मज्जारज्जू तयार होत असताना त्यांच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि चालत चालत चेहऱ्यापर्यंत येतात. न्यूरल क्रेस्ट पेशी हे त्यांचं नाव. चेहऱ्याची बहुतेक हाडं यांचीच. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी १९६९ साली या प्रवासी पेशींचा माग काढायची एक झकास युक्ती शोधली. लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या पिल्लात बसवल्या, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येतात, कारण लाव्याच्या पेशीतलं केंद्रक वेगळं दिसतं. बसवा आणि बघा कोण कुठे गेलं!

२००३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड श्नायडर आणि जिल हेल्म्स यांनी याच्याही पुढची खोडी केली. लाव्याच्या न्यूरल क्रेस्ट पेशी त्यांनी बदकाच्या गर्भात बसवल्या आणि बदकाच्या लाव्याच्या गर्भात. झालं काय? बदकाच्या चेहऱ्यावर लाव्याची छोटी टोकदार चोच आली आणि लाव्याच्या चेहऱ्यावर बदकाची रुंद, चपटी चोच! म्हणजे चोच कशी करायची याचा नकाशा त्या प्रवासी पेशी स्वतःबरोबर घेऊन निघालेल्या असतात.

आता इतके तुकडे, इतका प्रवास आणि सगळं काही आठवड्यांत. कधीतरी एखादा सांधा जुळायचा राहणारच. गालाकडचा तुकडा पन्हळीला भिडला नाही, तर ओठात फट राहते. एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना. याला दुभंगलेला ओठ म्हणतात. साधारण ७०० ते १००० बाळांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू असा दुभंगलेला असतो. म्हणजे हे काही फार दुर्मीळ नाही. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत असं कुणीतरी असेल. कदाचित ओठावर फक्त एक बारीक पांढरी रेघ दिसत असेल आणि तुमच्या ते कधी लक्षातही आलं नसेल.

इथे मला ग्रहणाबद्दल बोललंच पाहिजे. घरात कुणी गरोदर असेल आणि ग्रहण आलं, की आजी बजावते: भाजी चिरायची नाही, सुरी-विळीला हात लावायचा नाही, नाहीतर बाळाचा ओठ कापलेला निघेल. तिकडे मेक्सिकोत, कित्येक शतकांपूर्वी, ॲझ्टेक लोकांनाही अगदी हीच भीती वाटायची, ग्रहणाने बाळाचा ओठ जाईल म्हणून. पण त्यांचा तोडगा काय होता माहितेय? गरोदर बाई काचेसारख्या काळ्या दगडाचं धारदार पातं अंगाशी बाळगायची! इथे सुरीला हात लावायचा नाही आणि तिथे पातं सोडायचं नाही. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही. ग्रहण काही तासांत सुटतं. ओठ जुळायचं काम चालतं सहाव्या-सातव्या आठवड्यात, तेव्हा कित्येक आयांना आपल्याला बाळ होणार आहे हे नुकतंच कळलेलं असतं. तिसरा महिना संपला की ओठ आणि टाळू, दोन्हींचं काम झालेलं असतं. त्यानंतर आईने कितीही कोबी चिरला, तरी पोटातला जुळलेला ओठ उसवत नाही. सांधा राहून जायची खरी कारणं वेगळी आहेत आणि बहुतेक वेळा ती एकटीदुकटी नसतात. काही गुणसूत्रांतून येतं. काही वेळा आईला आधीपासून असलेला मधुमेह, अपस्माराची ठरावीक औषधं किंवा तंबाखूचा धूर यांचा हातभार लागतो. पुष्कळदा एक ठळक कारण सापडतही नाही. तरी घरातले लोक त्या बाईला विचारतात, ‘ग्रहणात काय केलं होतंस?’ मला या प्रश्नाचा फार राग येतो.

ओठानंतर टाळू. जीभ वर लावून टाळूच्या मधोमध पुढून मागे फिरवा. एक बारीक उभी रेघ लागेल. हाही सांधाच! टाळू दोन पडद्यांपासून बनतो, आणि त्याची गंमत अशी की सुरुवातीला हे पडदे आडवे नसतात, जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मध्ये जीभ ठाण मांडून बसलेली. मग आठव्या आठवड्याच्या आसपास जबडा वाढतो, जीभ खाली सरकते आणि पडदे झपकन वर उठून आडवे होतात. त्यानंतर ते पुढून मागे जुळत जातात. मुलींमध्ये हे पडदे मुलांपेक्षा साधारण आठवडाभर उशिरा जुळतात. ओठ ठीक पण फक्त टाळू दुभंगलेला, अशा बाळांत मुली जास्त का असतात, याचं उत्तर बहुधा या आठवड्यात आहे.

टाळू नेमका करतो काय, याचा प्रयोग आत्ताच करू. नाक चिमटीत गच्च धरा आणि म्हणा, ‘मामा’. काय ऐकू आलं? ‘बाबा’! आता नाक तसंच धरून ‘नाना’ म्हणा. ‘दादा’ झाले ना? म आणि न म्हणताना हवा नाकातून जावी लागते. नाक बंद केलं की मामाचे बाबा होतात आणि नानांचे दादा. आता उलटा प्रयोग. गार केलेला स्टीलचा चमचा नाकपुड्यांखाली धरा आणि ‘पोपट’ म्हणा. चमच्यावर वाफ धरत नाही, कारण टाळूचा मागचा मऊ भाग वर उठून नाकाची वाट बंद करतो. ‘मामा’ म्हटलं की वाफ धरते. (पोपट म्हणताना श्वास सोडू नका, नाहीतर प्रयोग फसेल.)

ज्या बाळाच्या टाळूला फट आहे, त्याची ही वाट बंदच होत नाही. त्याला ‘बाबा’ म्हणायचं असतं, पण हवा नाकातून निसटते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ असं काहीतरी ऐकू येतं. बोलणं तर पुढचं, आधी दुधाचीच पंचाईत. दूध ओढायला तोंड सगळीकडून बंद लागतं. म्हणून अशा बाळाला वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा खास बाटलीने पाजतात. टाळूचे स्नायू कानातली नळी उघडायलाही मदत करतात. त्यांचं बिनसलं की कानाच्या पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येतं. म्हणून या मुलांचे डॉक्टर एक नसतात: शस्त्रक्रिया करणारे, कानाचे, दातांचे, शिवाय बोलायला शिकवणारे. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा शिवतात. टाळू मात्र बहुधा वर्षाच्या आगेमागे, बाळ नीट बोलायला लागायच्या आत.

आता जरा खाली, मानेकडे येऊ.

गालाच्या मागच्या बाजूला बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. आत एक स्नायू टम्म फुगतो. आता बोटं तिथेच ठेवून नुसतं हसा. हा स्नायू हसत नाही! चावणारे आणि हसणारे स्नायू वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाळाच्या गळ्याशी दोन्ही बाजूंना वळ्या दिसू लागतात. त्यांना कमानी म्हणतात. माशांमध्ये यांच्यापासून कल्ले तयार होतात. आपल्याला कल्ले कधीच नसतात, अगदी पोटातही नसतात. पण कच्चा माल तोच. पहिल्या कमानीपासून जबडा आणि चावायचे स्नायू. दुसरीपासून हसायचे, डोळे मिचकावायचे, भुवया उडवायचे. तिसरी गिळायच्या कामाला मदत करते. चौथी आणि सहावी स्वरयंत्र बनवतात. आणि पाचवी? ती माणसात गैरहजर. कधी बनतच नाही, बनली तर लगेच जिरून जाते.

पहिल्या कमानीची एक गोष्ट तर कुणाला खरीच वाटणार नाही. शाळेच्या पुस्तकात कानातली तीन हाडं असतात ना, हातोडी, ऐरण आणि रिकीब? १८३७ मध्ये कार्ल राइशर्ट नावाचा जर्मन शास्त्रज्ञ डुकराच्या गर्भात या हाडांचा उगम बघत होता. त्याला दिसलं की हातोडी आणि ऐरण पहिल्या, म्हणजे जबड्याच्या कमानीतून येतात. सरड्यांच्या आणि मगरींच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडं असतात, तीच आपल्याकडे कानात जाऊन बसलीत! त्यांच्याकडे चावायच्या कामाला आणि आपल्याकडे ऐकायच्या. कांगारूच्या गोतावळ्यातल्या ओपोसमचं पिल्लू जन्मतं, तेव्हा त्याची ही हाडं अजून जबड्यालाच जोडलेली असतात. कानाकडची बदली त्यानंतर होते.

कमानींच्या मध्ये खाचा असतात आणि त्यातल्या बहुतेक भरून यायला हव्यात. त्यातली दुसरी खाच पूर्ण बुजली नाही, तर मानेच्या बाजूला एक गाठ किंवा बारीक छिद्र राहतं, आणि छिद्रातून कधी कधी पाण्यासारखा थेंब येतो. कानाजवळची एक खूण मात्र आणखी सहज सापडते. पाळीची वरची कड जिथे गालाला मिळते, त्याच्या जरा पुढे काही जणांना सुईएवढं भोक असतं. कान टोचलेला नसतो, ते जन्माचंच असतं. त्या सहा टेकड्या जुळताना एक फट राहून गेली, एवढंच. सुट्टीत मामाच्या घरी सगळी भावंडं जमली की एकेकाचे कान तपासा. हे भोक घराण्यात चालत येतं, त्यामुळे एकाला सापडलं तर आणखी कुणाला तरी सापडायची शक्यता आहे. ते काही करत नाही. त्यात काडी मात्र घालायची नाही. सुजलं, दुखलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

आणि थायरॉइडचा प्रवास! गळ्याच्या पुढच्या भागात बसलेली ही ग्रंथी मुळात गळ्यातली नाहीच. ती जन्मते जिभेच्या मुळाशी. तिथून खाली उतरत, कंठास्थी नावाच्या लहानशा हाडाजवळून वळसा घेत ती मुक्कामाला येते. ती आलेली वाट मागाहून बुजते. नाही बुजली, तर वाटेत पाणी साठून गळ्याच्या मधोमध गोल गाठ होते. ती ओळखायची डॉक्टरांची रीत मजेची आहे. ते म्हणतात, ‘जीभ बाहेर काढ.’ जीभ बाहेर आली की गाठ वर सरकते, कारण जुन्या वाटेने ती अजून जिभेला बांधलेली आहे. पूर्वी अशी गाठ काढली तरी पुन्हा पुन्हा व्हायची. १९२० साली अमेरिकेतल्या वॉल्टर सिस्ट्रंक या शल्यविशारदाने सांगितलं, की गाठीबरोबर कंठास्थीचा मधला तुकडा आणि वरची सगळी वाटही काढा. तेव्हापासून गाठ परत येण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. हाडाचा तुकडा गेला तरी माणूस जेवतो, बोलतो, गातो.

सगळ्याच राहून गेलेल्या गोष्टींची लोक काळजी करतात असंही नाही. गालावर खळी पडते ना, ती बऱ्याच जणांत हसायच्या एका स्नायूची दोन टोकं झाल्यामुळे पडते. स्नायू दुभंगला तर आपण खळीचं कौतुक करतो, त्या मुलीला मुद्दाम हसायला लावतो. ओठ दुभंगला तर मात्र बाळाला पदराखाली झाकतो. काम दोन्हीकडे एकाच जातीचं झालंय.

झाकून ठेवायच्या या सवयीला छेद देणारा एक माणूस चीनमध्ये होऊन गेला. इसवी सन ३९० च्या सुमारास वेई योंगझी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता, जन्मापासून ओठ दुभंगलेला आणि घरचा गरीब. एका सुभेदाराच्या पदरी ओठ शिवणारा वैद्य आहे, असं त्याच्या कानावर आलं. शिदोरीला तांदूळ बांधून तो निघाला आणि थेट तिथे पोचला. वैद्य म्हणाला, शिवतो, पण शंभर दिवस पातळ पेज प्यायची आणि एकदाही हसायचं किंवा बोलायचं नाही. शंभर दिवस! तुम्ही वर्गात एक तास गप्प बसून दाखवा. वेईचं म्हणणं असं, की अर्धं आयुष्य गप्प बसावं लागलं तरी उरलेलं अर्धं हातात आहेच, तिथे शंभर दिवसांचं काय घेऊन बसलात! ओठ जुळला. पुढे तो सैन्यात गेला, चढत चढत मोठा अधिकारी झाला आणि त्याच प्रांताचा सुभेदारही झाला.

आपल्याकडची गोष्ट अलीकडची आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी नावाच्या छोट्या मुलीचा ओठ दुभंगलेला होता, म्हणून ती शाळेत जात नव्हती. वाराणसीला डॉ. सुबोधकुमार सिंह यांच्या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तीही फुकट. त्यावर मेगन मायलन यांनी केलेल्या ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं. आणि २०१३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, अँडी मरे आणि नोव्हाक जोकोविच खेळायला उभे असताना, मधोमध नाणं उडवायला कोण होतं? पिंकी!

त्याच वर्षी आपल्या सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत गाडी घेऊन डॉक्टर येतात, ते याच कार्यक्रमातले. त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, आणि उपचारांची सोयही तेच करून देतात. ते तुम्हांला ‘आ करा’ म्हणतील, तेव्हा विचारा, ‘माझी पडजीभ एक आहे की तिला दोन टोकं आहेत?’ शंभरात एखाद-दोघांची पडजीभ खरंच दुटोकी असते. टाळूचे पडदे मागे जुळत जुळत गेले आणि अगदी शेवटचं टोक तेवढं राहिलं. कधी कधी तिच्या जोडीला टाळूत झाकलेली फटही असते, म्हणून डॉक्टर जरा जास्त वेळ बॅटरी मारून बघतात.